नाव कुणाच्या नावावर?

स्वतःची वेबसाइट काढायची ठरली की चर्चा रंगांपासून सुरू होते. पहिल्या पानावर फोटो कुठला, कविता वेगळ्या ठेवायच्या की लेखांबरोबर, मराठी अक्षर मोबाइलवर नीट दिसेल ना, जुनी कात्रणं स्कॅन करून टाकायची का. साइटचा पत्ता, म्हणजे डोमेन नेम, हा विषय 'ते होऊन जाईल' म्हणून बाजूला पडतो. मग घरातला भाचा किंवा साइट बनवून देणारा मुलगा ते काम चहा येईपर्यंत उरकतो. बहुतेक वेळा सगळं ठीकही होतं. जिथे होत नाही तिथे काय घडतं ते मी पुरेसं पाहिलं आहे, आणि ही प्रस्तावना लांबली ती त्यामुळे.

पुस्तकात डोमेन नोंदवण्यावर एकच प्रकरण आहे, तेही सगळ्यांत लहान. नोंदणीची कृती खरंच तेवढीच आहे. नाव मोकळं आहे का पाहायचं, माहिती भरायची, पैसे द्यायचे आणि आलेल्या मेलमधल्या लिंकवर क्लिक करून ईमेल आपलाच असल्याची खात्री पटवायची. पडद्यांची चित्रं त्या प्रकरणात दिली आहेत. त्या कृतीआधी घ्यायचे आणि नंतर वर्षानुवर्षं निभवायचे निर्णय मात्र चित्रांत दाखवता येत नाहीत. त्यांच्यासाठी ही पानं.

आधी एक नेहमीची शंका. फेसबुक आहे, इन्स्टाग्राम आहे, तिथे फुकट जागा मिळते. मग दरवर्षी पैसे मोजून स्वतःचं नाव कशाला घ्यायचं? शंका रास्त आहे, पण फुकटच्या जागांचा इतिहास फारसा चांगला नाही. याहूने जिओसिटीज २००९ मध्ये बंद केलं. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झालं. गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये गेलं. ऑर्कुटवर आपल्याकडची माणसं किती रमली होती ते ज्यांनी तो काळ पाहिला त्यांना सांगायला नको. तिथलं लिखाण ज्यांनी वेळेत उतरवून घेतलं नाही त्यांचं ते गेलं.

स्वतःचं डोमेन घेतल्याने लिखाण आपोआप वाचतं असं मात्र कुणी समजू नये. लिखाणाची प्रत आपणच ठेवायची असते. डोमेनमुळे टिकतो तो पत्ता. आज साइट एका कंपनीच्या सर्व्हरवर आहे, पुढच्या वर्षी तिने दर वाढवले म्हणून दुसरीकडे नेली, तरी पुस्तकाच्या मलपृष्ठावर छापलेला पत्ता तोच राहतो. वाचकाला या हलवाहलवीचा पत्ताही लागत नाही.

हे कसं जमतं ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. संगणक एकमेकांना आकड्यांनी ओळखतात. इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटच्या काळात कुठल्या नावाचा आकडा कुठला याची एकच फाइल असे आणि ती कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांचा गट सांभाळत असे. नवा संगणक जोडला की त्यांच्या कार्यालयाला कळवायचं आणि बाकीच्यांनी ताजी फाइल उतरवून घ्यायची. संगणक वाढत गेले तसं हे आवरेना. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी नवी रचना मांडली. एका कार्यालयाने सगळी नावं सांभाळण्याऐवजी जबाबदारी पायरीपायरीने वाटून द्यायची. सगळ्यांत वरच्या सर्व्हरना एवढंच माहीत असतं की 'डॉट कॉम' कुणाकडे आहे, 'डॉट इन' कुणाकडे आहे. 'डॉट इन'वाल्यांना माहीत असतं की त्याखालचं अमुक नाव कुठल्या सर्व्हरकडे सोपवलं आहे. आणि त्या नावाचा आकडा कोणता, हे नाव घेणारा स्वतः ठरवतो. ही शेवटची पायरी आपल्या हातात असते म्हणून बिऱ्हाड बदललं तरी पत्ता बदलत नाही. वरच्या सर्व्हरची नावं फक्त १३ आहेत. त्यांच्या प्रती जगभर हजाराहून जास्त ठिकाणी चालतात, काही मुंबईतही.

सिम्बॉलिक्स डॉट कॉम हे पहिलं डॉट कॉम नाव १५ मार्च १९८५ रोजी नोंदलं गेलं. त्या काळी नोंदणीला पैसे पडत नसत. १९९५ मध्ये अमेरिकेत दोन वर्षांना १०० डॉलर आकारायला सुरुवात झाली. आपलं 'डॉट इन' १९८९ मधलं. सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ रोजी, म्हणजे पाटी आधी लागली आणि दुकान सहा वर्षांनी उघडलं. 'डॉट इन'चा कारभार बरीच वर्षं मुंबईत, जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीत चालत असे. नियम कडक होते, नोंदणी संथ होती आणि साध्या माणसाला त्या वाटेला जायचं कारणही नव्हतं. २००५ मध्ये नोंदणी सगळ्यांना खुली झाली, कारभार नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया म्हणजे 'निक्सी'कडे आला आणि तेव्हापासून कुणीही घरबसल्या नाव घेऊ शकतो.

इतिहास एवढा पुरे. आता माझ्या मते या सगळ्यातली मुख्य गोष्ट. डोमेन कायमचं विकत मिळत नाही. ते मुदतीवर मिळतं, एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी, आणि ज्याच्या नावे नोंद आहे त्याचं ते असतं. जमिनीच्या बाबतीत हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. शेत कोण कसतो, विहिरीचा खर्च कुणी केला, बांधावर आंबे कुणी लावले हे सगळं ऐकून घेतल्यावर तलाठी शेवटी सातबाऱ्यावर नाव कुणाचं तेच पाहतो. डोमेनलाही असा उतारा असतो. त्यात नोंदणीधारक कोण, नोंदणी कुठल्या कंपनीमार्फत (म्हणजे रजिस्ट्रारमार्फत) झाली, कुठल्या तारखेला झाली आणि मुदत कधी संपते हे लिहिलेलं असतं. पैसे कुणी दिले याला तिथे रकानाच नाही.

कोल्हापूरकडच्या एका हौशी नाट्यसंस्थेचं उदाहरण माझ्या डोळ्यांसमोरचं आहे. साइट देखणी होती, जुन्या प्रयोगांचे फोटो, नटांच्या आठवणी, स्पर्धेतल्या नाटकांच्या याद्या. साइट बनवणाऱ्या तरुणाने डोमेन स्वतःच्या फर्मच्या नावे, स्वतःच्या मेलवर घेतलं होतं. त्यात फसवणुकीचा हेतू नव्हता. त्याच्याकडे खातं होतं, सोपं पडलं. संस्था त्याला दरवर्षी पैसे देत होती आणि पावत्या फायलीत लावत होती. पुढे फर्म बंद झाली, तरुण नोकरीसाठी परगावी गेला, नंबर बदलला, मुदत संपल्याचे मेल कुणी उघडत नसलेल्या खात्यात जाऊन पडले. एक दिवस साइटच्या जागी रमीच्या जाहिराती दिसू लागल्या. चिटणीस पावत्यांची फाइल घेऊन विचारायला आले, "अहो, पैसे तर आम्ही भरलेत, मग नाव आमचं कसं नाही?" फाइल व्यवस्थित होती. फक्त तिचा इथे उपयोग नव्हता.

म्हणून या पुस्तकातला एकच नियम मी जाड ठशात छापायला लावला आहे. खातं स्वतःचं उघडा, नाव स्वतःचं लिहा, मेल स्वतःचा द्या, मोबाइल स्वतःचा द्या. मदत भाच्याची घ्या, पण तो शेजारी बसेल आणि बटणं तुम्ही दाबाल. आणखी एक बारकावा. नोंदणीसाठी दिलेला मेल त्याच डोमेनवरचा नसावा. डोमेन बंद पडलं की तो मेलही बंद पडतो आणि खात्यात शिरायची वाट त्याच कुलपात अडकते.

आता नाव निवडण्याकडे वळतो. इथे माणसं उगाच फार कल्पकता दाखवतात. वैयक्तिक साइटला स्वतःचं नाव हे सगळ्यांत चांगलं नाव, असं माझं स्पष्ट मत आहे. 'शब्दगंध', 'मनातलं', 'अंतरंग' ही नावं घेताना गोड वाटतात. पण वाचकाच्या डोक्यात तुमचं नाव असतं आणि तो शोधतो तेच. शिवाय वय वाढतं तसे विषय बदलतात. गडकिल्ल्यांवर लिहिणारा पुढे मधुमेहावर लिहू लागतो, आणि डोंगरावरून घेतलेलं नाव तेव्हा अवघडल्यासारखं होतं. टोपणनावानेच ओळखले जात असाल तर अर्थातच टोपणनाव घ्या. आपल्याकडे ती परंपरा मोठी आहे: केशवसुत, गोविंदाग्रज, कुसुमाग्रज. (कवी ग्रेस यांना मात्र डॉट कॉम मिळवणं जड गेलं असतं आणि कवी बी यांना तर अशक्यच, एका अक्षराची डॉट कॉम नावं, मोजके अपवाद वगळता, १९९३ पासून राखून ठेवलेली आहेत.)

स्वतःचं नाव म्हटलं तरी पाटील, शिंदे, जोशी, कुलकर्णी या मंडळींना साधं नाव-आडनाव मोकळं मिळणं कठीण. इथे आपली तीन पदरी नावाची पद्धत कामाला येते. मधल्या नावाचं आद्याक्षर घातलं की बहुतेक वेळा काम होतं, आणि ते बनावटही वाटत नाही, कारण पुस्तकांवर आपण तसं छापतोच. बायकांच्या बाबतीत आडनावाचा प्रश्न वेगळा आहे. माहेरच्या आडनावाने पहिली दोन पुस्तकं, सासरच्या आडनावाने पुढची चार, आणि आता दोन्ही आडनावं लावायची असं अनेकींचं झालं आहे. डोमेनमधलं आडनाव नंतर बदलता येत नाही. बदलायचं म्हणजे नवं नाव घ्यायचं आणि जुनंही काही वर्षं पैसे भरून जिवंत ठेवायचं. म्हणून पहिल्या नावाभोवती काही रचता आलं तर बघावं, असं मी त्यांना सुचवतो.

खरी कसरत असते रोमन लिपीतल्या स्पेलिंगची. रोमन डोमेनमध्ये अक्षरं, आकडे आणि मधली छोटी रेघ एवढंच चालतं. लहान-मोठ्या लिपीत फरक नाही. एका नावात जास्तीत जास्त ६३ अक्षरं. एवढ्यात मराठी उच्चार बसवायचे. वाघमारे व्हीने लिहितात आणि डब्ल्यूनेही. दीपकमध्ये कुणी आय लावतं, कुणी डबल ई. काळे आणि काले रोमनमध्ये एकच होतात, आणि इंग्रजी वाचणाऱ्याला तिथे एक पालेभाजी दिसते. सगळ्यांत मजेदार 'ज्ञ'. आपण ज्ञानेश्वर डी-एन-वायने सुरू करतो, हिंदी प्रदेशात तोच जी-वायने सुरू होतो आणि संस्कृतवाले जे-एन लिहितात. नागपूरच्या पुढे गेलेला ज्ञानेश्वर म्हणूनच सापडत नाही. १९९६ पासून चालू असलेल्या मायबोली या मराठी साइटच्या नावात 'मा'साठी दोन ए आहेत, आणि एक ए टाकून भलतीकडे गेलेली माणसं मला माहीत आहेत. उपाय साधा आहे: पासपोर्टवर आणि छापील पुस्तकांवर जे स्पेलिंग आहे तेच ठेवा. लोक हमखास चुकतात असं दुसरं रूप मोकळं असेल आणि परवडत असेल तर तेही घेऊन पहिल्याकडे वळवा. पाच-सहा रूपं मात्र घेत बसू नका. ती सगळी दरवर्षी रिन्यू करावी लागतात.

नाव पक्कं करण्याआधी ते फोनवर सांगून पाहावं. साताऱ्याच्या एका निवृत्त विज्ञान शिक्षकांनी नाव आणि आडनाव यांच्यामध्ये रेघ घातली होती. पुस्तकविक्रेत्याला ते पत्ता सांगत होते तेव्हा मी समोर होतो.

"नाव लिहा, मग मधे रेघ, मग आडनाव."

"रेघ म्हणजे खालची का हो, सर?"

"नाही, खालची नाही. मधली. वजाबाकीची."

"म्हणजे डॅश. बरं. तिच्या आधी जागा सोडायची?"

"जागा नाही सोडायची कुठेच."

"आणि शेवटी जीमेल डॉट कॉम ना?"

सरांनी फोन ठेवला आणि विक्रेत्याला पत्ता व्हॉट्सॲपवर पाठवला. त्यांची साइट उत्तम चालते. पण व्याख्यानात पत्ता सांगायची वेळ आली की ते तो फळ्यावर लिहितात. आकड्यांचंही असंच. नावात २ घातला की तो आकड्यात की अक्षरांत, हे जन्मभर सांगत बसावं लागतं.

शेपटाचा प्रश्न मला लोकांना वाटतो तितका मोठा वाटत नाही. डॉट कॉम मिळालं तर घ्या, नाहीतर डॉट इन घ्या. भारतातल्या वाचकाला दोन्ही सारखंच ओळखीचं आहे. डॉट इनखाली 'इंड डॉट इन' नावाचा खास व्यक्तींसाठी राखलेला विभाग आहे, पण तो लोकांना इतका अपरिचित आहे की ते मधलं 'इंड' गाळून टाकतात. व्यक्तींसाठीच काढलेल्या डॉट नेमचंही फारसं चाललं नाही. दुसऱ्या देशांची शेपटं छान दिसतात म्हणून घेताना त्या देशाचा विचार करावा. डॉट आयओ हे हिंदी महासागरातल्या ब्रिटिश प्रदेशाचं, आणि तो चागोस द्वीपसमूह मॉरिशसला देण्याचा करार ब्रिटनने मे २०२५ मध्ये केला असल्याने त्या शेपटाच्या भवितव्याची चर्चा सुरू आहे. युगोस्लाव्हिया संपला तसं डॉट वाययूही २०१० मध्ये बंद झालं. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर तिथल्या हजारो लोकांची डॉट ईयू नावं गेली. डॉट यूएस घ्यायला अमेरिकेशी नातं लागतं. तिकडून कायमचं परतणाऱ्या आपल्या मंडळींनी हे लक्षात ठेवावं.

डॉट भारतबद्दल मला हमखास विचारतात, आणि उत्तर देताना जरा अवघड होतं. २७ ऑगस्ट २०१४ रोजी देवनागरीतलं डॉट भारत सुरू झालं. हिंदीबरोबर मराठी, कोकणी, नेपाळी अशा आठ भाषांसाठी. नाव मराठीत, पत्ता मराठीत, स्पेलिंगचा वरचा सगळा घोळ एका फटक्यात संपतो. आतली व्यवस्था मात्र अजून रोमनवरच चालते. देवनागरी नावाचं आत एका रोमन सांकेतिक रूपात रूपांतर होतं. त्याची सुरुवात एक्स, एन आणि दोन रेघांनी होते. बऱ्याच ठिकाणी आपलं सुंदर नाव चिकटवलं की ते रूपच समोर येतं आणि वाचणाऱ्याला वाटतं, काहीतरी व्हायरस आला. देवनागरी मेल पत्ता तर कित्येक सरकारी आणि बँकांचे फॉर्म स्वीकारत नाहीत. शिवाय आपल्या लिपीतही दिसायला सारखी पण संगणकाला वेगळी अशी रूपं आहेत. 'ॲ' हे एकसंध अक्षर म्हणून टाइप करता येतं आणि 'अ'वर चंद्र देऊनही. कागदावर फरक दिसत नाही, संगणकाला ती दोन वेगळी अक्षरं वाटतात. ह्रस्व-दीर्घाचा घोळ वेगळाच: रवि की रवी? माझा सल्ला असा, की डॉट भारत हौसेने घ्या, अभिमानाने मिरवा, पण दुसरं नाव म्हणून. मुख्य पत्ता रोमन ठेवा आणि देवनागरी नाव तिकडे वळवा. दहा वर्षांनी हा परिच्छेद जुना झाला तर मला आनंद होईल.

नाव ठरलं की ते आधी कुणी वापरलं होतं का हे बघा. इंटरनेट अर्काइव्हमध्ये १९९६ पासूनची जुनी पानं साठवलेली आहेत. तिथे तो पत्ता टाकला की कळतं. आधी कुणी त्यावर जुगार चालवला असेल तर सर्च इंजिनांच्या स्मरणात तो डाग असू शकतो. किमतीबद्दल एवढंच, की पहिल्या वर्षाचा भाव पाहून भुलू नका. पहिल्या वर्षी शे-दोनशेला मिळणारं नाव दुसऱ्या वर्षापासून अनेक पटींनी महाग होतं, त्यावर १८ टक्के जीएसटी. रिन्यूअलचा दर विचारा. तोच खरा दर. होस्टिंगबरोबर, म्हणजे साइट ठेवायच्या सर्व्हरवरच्या जागेबरोबर, 'डोमेन फुकट' मिळत असेल तर एवढंच विचारा, की होस्टिंग सोडलं तर नाव बरोबर नेता येईल का आणि त्यासाठी लागणारा ट्रान्स्फर कोड मागितला की मिळतो का. नव्या नोंदणीनंतर पहिले ६० दिवस डॉट कॉमसारखं नाव सहसा दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही, यात कुणाची लबाडी नसते, तो नियम आहे.

आपलं नाव दुसऱ्याने आधीच घेतलं असेल तर? कायदा पूर्ण असहाय नाही. मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये रेडिफच्या नावातलं एकच अक्षर बदलून घेतलेल्या नावाला मनाई केली. डोमेन नावालाही व्यापारचिन्हासारखं संरक्षण मिळू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या खटल्यात मान्य केलं. व्यक्तीच्या नावाचं गाजलेलं प्रकरण अरुण जेटलींचं: त्यांच्या नावाचं डॉट कॉम दुसऱ्याकडे होतं, ते दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि २०११ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. पण तो निकाल त्या नावाच्या प्रसिद्धीवर उभा आहे. तुमच्याच नावाचा दुसरा माणूस प्रामाणिकपणे ते वापरत असेल तर तुमचा त्यावर काही हक्क नाही, आणि नसावाही. अमेरिकेतल्या उझी निसान या माणसाने स्वतःच्या आडनावाचं डॉट कॉम १९९४ मध्ये घेतलं होतं. मोटार कंपनीने १९९९ मध्ये त्याच्यावर दावा लावला, खटला वर्षानुवर्षं चालला, आणि नाव अखेर त्याच्याकडेच राहिलं. खर्च मात्र त्याला पेलण्यापलीकडचा झाला. सामान्य माणसाने मधलं आद्याक्षर घालून पुढे जावं.

नाव गमावण्याची बहुतेक प्रकरणं कोर्टापर्यंत जातच नाहीत, कारण ती विसरभोळेपणाची असतात. १९९९ च्या नाताळात हॉटमेलचे असंख्य वापरकर्ते आपल्या मेलपासून तुटले. हॉटमेलच्या लॉगइनसाठी लागणाऱ्या पासपोर्ट डॉट कॉमचं नूतनीकरण करायला मायक्रोसॉफ्ट विसरली होती. मायकल चेनी नावाच्या प्रोग्रामरने पदरचे ३५ डॉलर भरले तेव्हा ते सुरळीत झालं. ज्यांच्याकडे वकिलांच्या फौजा आहेत तिथे हे घडतं, तर आपण कोण. डॉट कॉमसारख्या नावांची मुदत संपली की आधी साधारण महिना-सव्वा महिना नेहमीच्या दराने रिन्यू करता येतं, मग ३० दिवस भरपूर दंड भरून परत मिळवता येतं, शेवटचे ५ दिवस काहीच करता येत नाही आणि मग नाव सुटतं. चांगलं नाव सुटण्याची वाट पाहणारी यंत्रं असतात. ती सेकंदात उचलतात. ऑटो-रिन्यूअल लावलंय म्हणून निर्धास्त राहू नका. रिझर्व्ह बँकेच्या १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झालेल्या नियमांमुळे परदेशी कंपन्यांची परस्पर कापली जाणारी वर्गणी भारतीय कार्डांवर कित्येकदा अडते. पैसे कापले गेलेच असतील असं धरून चालू नका, बँकेचा मेसेज बघा. आणि 'अंतिम सूचना' म्हणून येणाऱ्या, सर्च इंजिनमध्ये नोंद करून देतो म्हणणाऱ्या मेलना एक रुपयाही देऊ नका. तुमचा व्यवहार फक्त तुमच्या रजिस्ट्रारशी.

शेवटचा विषय घरात कुणी काढत नाही. माणूस गेल्यावर डोमेनचं काय? बँकेत नॉमिनी नेमता येतो तशी सोय इथे सहसा नसते. मुलांना रजिस्ट्रारचं नाव माहीत नसतं, मेलचा पासवर्ड माहीत नसतो, फोन बंद केलेला असतो, आणि वर्ष-दोन वर्षांत मुदत संपते. हयातभराचं लिखाण ज्यांनी नीट लावून ठेवलं त्यांच्या साइट अशा गेलेल्या मी पाहिल्या आहेत. मृत्युपत्राच्या फायलीत एक कागद ठेवा: रजिस्ट्रार कोण, खातं कुठल्या मेलवर, मुदत कधी संपते, साइटची प्रत कुठे आहे. साठी उलटलेल्यांनी एकदम दहा वर्षांचे पैसे भरून टाकावेत. किमतीच्या मानाने एवढी निश्चिंती दुसरीकडे मिळत नाही.

ज्यांच्याकडे आधीपासून नाव आहे त्यांनी पुस्तक पुढे वाचण्याआधी डोमेन नावांची जागतिक व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या शोधपानावर किंवा निक्सीच्या नोंदवहीत ते टाकून पाहावं. लोकांच्या खासगीपणासाठी तिथे नोंदणीधारकाचं नाव हल्ली बऱ्याचदा झाकलेलं असतं, पण रजिस्ट्रार आणि मुदतीची तारीख दिसते. त्या रजिस्ट्रारकडे तुमचं स्वतःचं खातं आहे का, एवढंच तपासा. नसेल, तर पहिली प्रकरणं राहू द्या आणि नाव आपल्या नावावर कसं करून घ्यायचं ते सांगणारं सहावं प्रकरण आज वाचा. बाकीच्यांनी पहिल्यापासून सुरुवात करायला हरकत नाही.